कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू आणि ‘सेंद्रिय’ हा शिक्का

प्रश्न : सेंद्रिय पद्धतीने वाढवलेल्या कोंबड्यांच्या आतड्यात उपकारक जिवाणू अधिक असतात आणि रोगजंतू जवळपास नसतात, असे वाचनात आले. मग असे मांस अधिक निर्धोक मानावे का?

उत्तर : या विधानाचा पहिला भाग फार तर अर्धा खरा आहे, दुसरा मात्र चुकीचा आहे आणि त्यावर विसंबल्यास घरातले माणूस आजारी पडू शकते.

कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी एका टोकाला बंद असलेल्या दोन लांबट पिशव्या असतात. त्यांना अंधांत्रे म्हणतात. तिथल्या एका ग्रॅम ऐवजात अब्जावधी जिवाणू नांदतात आणि न पचलेला चोथा आंबवून पक्ष्याला उपयोगी पडणारी मेदाम्ले तयार करतात. पांढऱ्या टोपीच्या नेहमीच्या विष्ठेखेरीज अधूनमधून पडणारी गडद, चिकट, उग्र वासाची विष्ठा याच अंधांत्रांतून येते. नवख्या पाळणाऱ्यांना ती हगवण वाटते, पण ती अगदी स्वाभाविक असते.

नुकत्याच फुटलेल्या अंड्यातील पिल्लाच्या आतड्यात जिवाणू नगण्य असतात आणि यंत्रात उबवलेल्या पिल्लाला, ते पुढे कोणत्याही पद्धतीने वाढो, आईकडून ते मिळत नाहीत. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील ऐवज अशा पिल्लांना दिला, तेव्हा साल्मोनेला या अन्नविषबाधेच्या जंतूला त्यांच्या पोटात सहजासहजी बस्तान बसवता आले नाही. आधी आलेल्यांनी जागा अडवलेली असते, एवढे साधे ते तत्त्व आहे.

पुढे फरक पडतो तो खाद्य, माती, औषधे आणि वय यांमुळे. नेहमीचा ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापला जातो. युरोपच्या सेंद्रिय नियमांनुसार मात्र, जात मंद वाढीची नसल्यास, किमान ८१ दिवस थांबावे लागते. म्हणून अशा दोन पक्ष्यांच्या जिवाणूंची तुलना करताना आपण पद्धतीइतकीच वयाचीही तुलना करत असतो, आणि माझ्या मते बहुतेक गैरसमज इथेच जन्म घेतात.

मोकळ्या अंगणात फिरणाऱ्या कोंबडीचा माश्या, रानपाखरे आणि डबकी यांच्याशी संबंध येतो, शिवाय ती जास्त दिवस जगते. त्यामुळे कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सेंद्रिय कळपांत तितकाच, अनेकदा अधिकही आढळतो. कोंबडी स्वतः मात्र सहसा आजारी दिसत नाही. सेंद्रिय पद्धतीचा खरा लाभ वेगळा आहे : प्रतिजैविकांचा वापर कमी असल्याने त्यांना न जुमानणारे जिवाणू तिथे साधारणपणे कमी सापडतात, आणि हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

स्वयंपाकघरात दोन्ही मांसांना एकच नियम लावावा. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला शिजवावे, त्यासाठी वापरलेली सुरी आणि पाट साबणाने धुतल्याखेरीज कोशिंबिरीला लावू नयेत, आणि कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात.