ठराव झाला, पण जागेचं काय?

प्रश्न : आमच्या गावात नगरपरिषदेच्या शाळेची इमारत पटसंख्येअभावी बंद पडून आहे. आम्ही बायकांनी चालवलेलं नोंदणीकृत वाचनालय भाड्याच्या दोन खोल्यांत आहे. नगरसेवक म्हणतात, "सभेत ठराव करून देतो, तुम्ही छताचे पत्रे बदलून घ्या आणि सुरू करा." एक देणगीदार पाच लाख द्यायला तयार आहेत. काम सुरू करावं का?
– कार्यवाह, एक वाचनालय, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, पत्र्यांना आत्ताच हात लावू नका. माझी सगळी नोकरी मुख्याधिकारी म्हणून गेली. असे ठराव ढिगाने पाहिलेत. ठरावातून सभागृहाची इच्छा कळते, जागेचा हक्क मिळत नाही.

नगरपरिषद अधिनियम, 1965 चं कलम 92 मागवून वाचा. मालमत्ता कायमची द्यायची तर एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव आणि वर शासनाची मंजुरी लागते. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा मात्र नगरपरिषद स्वतःच करून देऊ शकते. तुमचे नगरसेवक बहुधा तोच देणार. काम झटपट होतं, फोटोही निघतो. पण नारळ फोडताना त्याच कलमातली अट कुणी वाचून दाखवत नाही : अशा पट्टेदाराला जागेवर पक्कं बांधकाम करता येत नाही. पत्र्यांच्या जागी स्लॅब किंवा मागे स्वच्छतागृह असं काही मनात असेल तर तिथेच अडेल.

एका गावात व्यायाम मंडळानं पालिकेच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी बसवली. मुदत संपली, सभागृह बदललं, नव्यांनी हॉलचा लिलाव काढला. मंडळाचे अध्यक्ष फरशीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन माझ्यासमोर बसले. करारात खर्चाबद्दल चकार शब्द नव्हता. काय देणार त्यांना?

आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा; जागा कुणाच्या नावावर आहे ते तिच्यात कळतं. इमारत पालिकेची आणि खालची जमीन सरकारची, असं पुष्कळदा निघतं. मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि ठराव नुसताच फायलीला राहतो. शहराच्या विकास आराखड्यात ती जागा दुसऱ्या कशासाठी राखून ठेवली आहे का, तेही नगररचना विभागात विचारा.

पालिका जागा देताना हात आखडता घेते, त्यालाही कारण आहे. मुंबईत मैदानं-उद्यानं संस्थांना सांभाळायला देण्याचं धोरण महापालिकेनं जानेवारी 2016 मध्ये मंजूर केलं. ओरड झाली आणि मुख्यमंत्र्यांनी लगेच स्थगिती दिली. पूर्वी दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले होते, लोक ते विसरले नव्हते. तेव्हा तुमच्या अर्जातच लिहा : वाचनकक्ष सर्वांना खुला राहील, पोटभाडेकरू ठेवणार नाही, जागा लग्नकार्याला देणार नाही. विरोधकांच्या तोंडचे निम्मे मुद्दे तिथेच संपतात. सोबत 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखालची नोंदणीपत्रं आणि लेखापरीक्षण अहवाल जोडा.

छताची दुरुस्ती मालकाकडूनच मागा, आणि मालक नगरपरिषद आहे. देणगीदारांचे पैसे कपाटं, टेबलं, पुस्तकं यांवर खर्च करा; उद्या जागा सोडावी लागली तर ती सोबत नेता येतील. करार एका वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो, नुसत्या स्टॅम्प पेपरवर भागत नाही. आणि ताबा घेण्यापूर्वी वीज-पाण्याची थकबाकी विचारा. बंद शाळेचं बिल कुणी भरलेलं नसतं. ते नगरपरिषदेनं भरायचं, हे करारातच लिहून घ्या.