‘मला सांगू नका’ असं म्हणणारे मालक

‘मॅडम, मी स्वतः कुणाचा एक रुपया खात नाही. पण हाताखालची माणसं खातात. त्यांना सुधारायचं कसं?’

सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. शिक्षणसंस्थेच्या विश्वस्तांनी तो विचारला, पतसंस्थेच्या अध्यक्षांनी, रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरांनीही. माणसं येतात झोप लागत नाही म्हणून, रक्तदाब वाढला म्हणून, घरात चिडचिड होते म्हणून. दोन-तीन भेटींनंतर हळूच हे बाहेर पडतं. एका टॉवेल कारखान्याच्या मालकांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना. वडिलांनी चार यंत्रमागांवर सुरू केलेला, यांनी वाढवलेला. पुतण्या शिकून आला आणि त्याने सुताच्या खरेदीची बिलं बाजारभावाशी ताडून पाहिली. ठरावीक दोनच व्यापाऱ्यांकडून माल येत होता आणि दर किलोमागे दोन-तीन रुपये चढा होता. खरेदी बघत होते जुने दिवाणजी. घरच्या लग्नकार्यात पंगतीला आग्रह करणारा माणूस! मालकांची झोप उडाली ती तेव्हापासून.

पहिल्याच भेटीत ते म्हणाले, ‘तुम्ही कारखान्यात येऊन प्रामाणिकपणावर एक व्याख्यान द्या. सगळ्यांकडून शपथ घेऊ.’

मी विचारलं, ‘कमिशन घेणं चूक आहे हे दिवाणजींना माहीत नव्हतं?’

‘माहीत असणारच की.’

‘मग व्याख्यानातून त्यांना नवीन काय कळेल?’

शपथेला माझा विरोध नाही. सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास, ऑक्टोबरच्या अखेरीला, सरकारी कार्यालयांत दक्षता सप्ताह होतो, तेव्हाही प्रतिज्ञा घेतली जाते. पण संस्थेतलं शिक्षण खालून सुरू केलं की मला शंका येते. सगळ्यात आधी शिकायचं असतं खुर्चीवर बसलेल्याने.

पुढच्या काही भेटी रागातच गेल्या. ‘माझ्या माणसाने असं करताच कामा नये’, हे वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. एखादी गोष्ट व्हावी अशी तीव्र इच्छा असणं वेगळं आणि ती झालीच पाहिजे असा हट्ट धरणं वेगळं, हे त्यांनी फार स्वच्छ मांडलं आहे. इतकी वर्षं काम करताना मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली आहे. ‘माझी माणसं चुकूच शकत नाहीत’ असा हट्ट धरणाऱ्या प्रमुखाला ती चुकताना दिसतही नाहीत. पुरावा समोर असतो, पण तो पाहिला तर हट्ट मोडतो, म्हणून नजर आपोआप बाजूला वळते. आपण त्याला विश्वास म्हणतो. माझ्या मते ते न पाहणं असतं.

एका दुपारी मी सहज विचारलं, ‘सरकारी कामं कोण बघतं? परवाने, तपासणी वगैरे?’

‘दिवाणजीच.’

‘कुठे काही द्यावं लागतं?’

‘लागतच असेल. मी त्यात पडत नाही. त्यांना सांगून ठेवलंय, काय लागेल ते बघा, मला सांगू नका.’

हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. आपला हात स्वच्छ राहिल्याचा तो अभिमान होता.

‘आकडा कोण ठरवतं?’

‘तेच.’

‘पावती?’

‘त्याची कुठे पावती असते मॅडम? किरकोळ खर्चात लिहितात.’

मी काहीच बोलले नाही. असा क्षण आला की समुपदेशकाने बोलायचं नसतं, आणि ते मला जमतं. मालक बराच वेळ टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे रोकड न्यायची, पावती मागायची नाही, आकडा स्वतःच लिहायचा आणि मालक विचारणार नाही. हे सगळं त्यांना मीच शिकवलं.’

इतक्या वर्षांत एवढी अचूक मांडणी मी क्वचितच ऐकली आहे. सुताच्या व्यवहारात दिवाणजींनी नवीन काही केलं नव्हतं. मालकांच्या आज्ञेने जे करत आले, तेच एक पाऊल पुढे नेलं होतं. नेतृत्वाची जागरूकता म्हणतात ती मला इथे दिसते. आपलं कुठलं वाक्य खाली काय शिकवतंय, हे कळणं.

मात्र लगेच ते दुसऱ्या टोकाला गेले. ‘सगळा दोष माझाच.’ तिथे मी त्यांना थांबवलं. दिवाणजींनी घेतलेल्या पैशाची जबाबदारी दिवाणजींचीच. मालकांची जबाबदारी त्या वाक्याची आणि त्यातून उभ्या राहिलेल्या रीतीची. सगळा दोष अंगावर ओढून घेतला की माणूस रडतो, हलका होतो आणि व्यवस्था बदलायची राहूनच जाते.

दिवाणजींशी बोलायला त्यांनी फार वेळ घेतला. बोलले तेव्हा कळलं की दिवाणजींच्या मुलाने मोबाइलवरच्या जुगारात मोठी रक्कम घालवली होती. ‘मागितले असते तर मी दिले नसते का?’ मालक मला कळवळून म्हणाले. दिले असते, पण सांगण्याचीच लाज होती. डोनाल्ड क्रेसी या अमेरिकी अभ्यासकाने 1950 च्या सुमारास अफरातफरीत तुरुंगात गेलेल्या माणसांशी बोलून हेच नोंदवलं होतं : कुणाला सांगता न येणारी अडचण, हाताशी असलेली संधी आणि ‘मी काही चोर नाही’ असं स्वतःला पटवणारं कारण. बहुतेक संस्था फक्त संधी बंद करतात. ती बंद करायलाच हवी, पण मला पहिल्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. जिथे वर काही सांगताच येत नाही, तिथे अडचणीही सांगता येत नाहीत.

संधी बंद करण्याचं काम तुलनेने सोपं होतं. व्यापारी निवडणारा एक, काट्यावर वजन घेणारा दुसरा, पैसे देणारा तिसरा. प्रत्येक मोठ्या खरेदीला तीन व्यापाऱ्यांचे दर मागवायचे. रोकड सांभाळणाऱ्याला वर्षातून सलग रजा सक्तीची, त्या काळात वही दुसऱ्याच्या हातात. व्यापाऱ्यांकडून येणारी दिवाळीची भेट घरी न जाता ऑफिसात येणार आणि तिची नोंद होणार. हा शेवटचा नियम मालकांना सगळ्यात जड गेला, कारण सगळ्यात मोठी भेट त्यांच्याच घरी यायची.

अवघड होतं ते ‘मला सांगा’ म्हणायला शिकणं. महिन्यातून एकदा सुपरवायझर, स्टोअरकीपर आणि हिशेबनीस यांच्यासोबत चहा घ्यायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे : या महिन्यात तुमच्याकडे कुणी काही मागितलं का? तुम्हाला कुणी काही देऊ केलं का? निम्मे लोक तेलुगू बोलणारे, म्हणून प्रश्न तेलुगूतही. माझा आग्रह एका गोष्टीवर होता. कुणी पहिल्यांदा खरं सांगेल, त्या मिनिटाला मालकांचा आवाज चढता कामा नये. त्या एका मिनिटाची तालीम आम्ही माझ्या खोलीत पुन्हा पुन्हा केली. मी स्टोअरकीपर व्हायचे, ते मालकच राहायचे. सुरुवातीला प्रत्येक वेळी ते उसळायचे.

पाकिटाचा प्रश्न उरला होता. ‘न देता कामं होतील का?’ हा प्रश्न खोटा नाही आणि मी तो झटकला नाही. पण 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली आहे, हे प्रत्येक संस्थाप्रमुखाने जाणून घ्यावं. लोकसेवकाला लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. बळजबरीने द्यावी लागली असेल आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, तर सूट. व्यावसायिक संस्थेच्या फायद्यासाठी तिच्या माणसाने लाच दिली तर संस्थेलाही दंड होतो. लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था आधीपासून होती हे दाखवता आलं, तर संस्थेला बचाव मिळतो. आणि प्रमुखाच्या संमतीने किंवा संगनमताने झालं हे सिद्ध झालं, तर त्याला किमान तीन वर्षं. ‘मला सांगू नका’ या वाक्याला तिथे आडोसा मिळेल असं समजू नये. मागणी झाली तर पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जावं. त्यांचा टोल फ्री क्रमांक 1064.

त्यानंतर मालक अर्ज घेऊन स्वतः जाऊ लागले. आवक क्रमांक घ्यायचा, त्रुटी लेखी मागायच्या, सेवा अधिसूचित असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातली मुदत दाखवायची. वेळ जास्त लागतो. एक काम अजूनही अडलेलं आहे आणि त्यांनी पाकीट पाठवलेलं नाही.

दिवाणजींकडून खरेदी काढून घेतली आहे. पगारातून ठरलेली रक्कम कापून ते पैसे फेडत आहेत. पुतण्याला हे मान्य नाही, त्याच्या मते पोलिसांत जायला हवं होतं. त्याचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. पुढच्या आठवड्यात काका-पुतणे दोघंही माझ्याकडे बसणार आहेत.