ताकायामा अर्ध्या दिवसात पायी करून होईल का?

तुमचा प्रश्न असा: जपानच्या दहा दिवसांत ताकायामाला अर्धा दिवस ठेवलाय, सकाळी नागोयाहून जायचं, संध्याकाळी परत, बरोबर साठी ओलांडलेले आई-बाबा. गाव पायी करून होईल का आणि त्यांना झेपेल का?

झेपेल. स्टेशनपासून जुन्या गल्ल्या दहा-पंधरा मिनिटांवर आहेत, रस्ता सपाट आहे. आता ते ‘करून होईल का’.

आमचे एक साडू आहेत, पुण्याला असतात. ते देश करतात. दुबई केली, युरोप केला, 2016 साली जपान केलं. ताकायामा त्यांनी टूरबरोबर दीड तासात केलं, त्यातली वीस मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, हे त्यांनीच सांगितलंय. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाची ताटं आली की ते सुरू करतात, ‘ताकायामात अख्ख्या गावात एक खिळा नाही. सगळं लाकूड खाचेत बसवलेलं. गाईडने सांगितलं.’

मी कोल्हापूरकडचा. आयटीआयमध्ये एकतीस वर्षं सुतारकाम शिकवलं. वडील गावचे बलुतेदार सुतार, कुळव, पाभर, दारं, चौकटी, सगळं त्यांच्या हातचं. त्यामुळे लाकडाबद्दल कुणी छातीठोक बोललं की मला गप्प बसवत नाही. पहिल्या दिवाळीला मी मान डोलावली. पण हे साहेब एवढ्यावर थांबतात होय? ‘म्हणजे बघा, तुमच्या आयटीआयवाल्यांना खिळ्याशिवाय जमतं का?’ मी म्हटलं, अहो, दाराच्या बिजागऱ्या काय डिंकाने चिकटवल्यात? तर म्हणाले, तिथे दारं सरकतात, बिजागऱ्या नसतातच. आता हे खरं आहे. सगळे हसले. मी करंजी खाल्ली.

पुढच्या वर्षी लेक-जावयाची नागोयाला बदली झाली आणि नोव्हेंबरात आम्ही दोघं तिकडे गेलो. लेकीने विचारलं, क्योतो आधी की तोक्यो? मी म्हटलं, ताकायामा, दोन रात्री. तिला कारण सांगितलं नाही, पण तिच्या आईने ओळखलं.

नागोयाहून हिदा एक्सप्रेसने सव्वादोन-अडीच तास लागतात. अर्धा-अधिक रस्ता हिदा नदीच्या घळीतून जातो, तेव्हा गाडीत झोपू नका. आम्ही गेलो तेव्हा डिझेलची गाडी होती, 2022 पासून नवी हायब्रीड आली आहे, खिडक्या अशाच मोठ्या. गाव साधारण पावणेसहाशे मीटरवर आहे आणि भोवती डोंगर. नोव्हेंबरात पहाटे बोटं वाकत नव्हती.

पहिल्या सकाळी मी म्हटलं, आधी जिन्या बघू. बायको जागेवर थांबली. ‘माझे गुडघे माहीत आहेत ना तुम्हाला? कुणाचा जिना बघायचा आणि?’ तिची समजूत घालण्यात दहा मिनिटं गेली. ताकायामा जिन्या म्हणजे सरकारी कचेरी. 1692 साली एदोच्या (आजचं तोक्यो) शोगुनने, म्हणजे देश चालवणाऱ्या लष्करप्रमुखाने, हा सगळा हिदा प्रांत इथल्या कानामोरी या सरदार घराण्याकडून काढून थेट आपल्या ताब्यात घेतला, मुख्य कारण इथलं लाकूड. मग पुढची 177 वर्षं एकामागून एक पंचवीस अधिकारी इथे बसून कारभार बघत होते. जपानभर अशा कचेऱ्या होत्या, मूळ इमारतीसह उरलेली ही एकटी. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, जिन्यात जिना चढायचा नाहीये.

दारात बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे आणि मोज्यांवर आत जायचं. माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. तीन तास तो अंगठा गार लाकडावर.

तीन तास का, तर मी खिळा शोधत होतो. खांब बघितले, तुळया बघितल्या, चटयांच्या खोल्यांत कडेकडेने फिरलो. सांधे इतके गच्च की पोस्टकार्ड जाणार नाही. मनातल्या मनात साडूंची माफी मागायला घेतली होती. तेवढ्यात एका खोलीत माझ्या डोक्याच्या थोडं वर नजर गेली. खांबांना बाहेरून एक आडवी पट्टी सगळ्या खोलीभर फिरवलेली असते, आणि ती पट्टी जिथे खांबाला भेटते तिथे एक चपटा ससा बसवलेला. समोर बघणारा, लांब कानांचा. पुढच्या खांबावर तसाच. त्याच्या पुढच्याही.

शोभेला काहीतरी लावायचं तर ते पट्टीच्या मधोमध लावतील. बरोबर खांबावरच का? तिथे एक सत्तरीचे गृहस्थ माहिती द्यायला उभे होते. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच. मी बोटाने ससा दाखवला आणि हातोडी मारल्याची खूण केली. ते एकदम खुलले. डाव्या हाताने खिळा धरल्यासारखं केलं, उजव्याने तीन ठोके दिले, मग तळहात त्यावर असा ठेवला जसं आपण तांब्यावर फुलपात्र पालथं घालतो. ससा म्हणजे झाकण. पट्टी खांबाला खिळ्याने ठोकलेली आहे आणि खिळ्याचं डोकं दिसू नये म्हणून वर ससा. जपानीत या प्रकाराला ‘कुगिकाकुशी’ म्हणतात, शब्दशः खिळा लपवणारं. ससाच का, तर कान लांब, अधिकाऱ्याने रयतेचं ऐकावं, असं तिथे सांगतात.

खिळाच नव्हता तर झाकलं काय, साडूसाहेब?

पुढे चौकशीची जागा आहे, तिथे करवतीसारख्या दातांच्या लाकडावर आरोपीला गुडघ्यांवर बसवून मांडीवर दगडी फरश्या रचायचे, ते सामान मांडलंय. बायको म्हणाली, ‘दाजींना इथे बसवा, खिळ्याचं कबूल करतील.’ ती त्या सकाळी शेवटचं प्रेमाने बोलली ती हीच.

कारण मी धान्याच्या कोठारात अडकलो. हे कोठार मूळचं कानामोरींच्या किल्ल्यातलं. किल्ला पाडला तेव्हा 1695 साली उचलून इथे आणलं. आत कराच्या तांदळाच्या गवती गोण्या रचल्यात, पण बघायचं ते छप्पर. वर लाकडाच्या लांब फळ्या आणि त्यांवर दगड ठेवलेले. या फळ्या करवतीने कापत नाहीत, सरपण फोडतो तशा रेषेवरून फोडतात. कापलं की तंतू तुटतात आणि पाणी आत शिरतं, फोडलं की तंतू अखंड राहतात आणि पाणी त्यांच्यावरून ओघळून जातं. मी दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना सांगायचो, लाकडाला विचारून कापा. निम्मी पोरं हसायची. त्या छपराखाली त्यांना नेऊन उभं करायला हवं होतं.

वडिलांची आठवण आली ती इथेच. आठव्या शतकात हिदासाठी एक खास कायदा होता. प्रांत गरीब, डोंगराळ, तांदूळ-कापड कुठून देणार? तर ते कर माफ, त्याबदली दर पन्नास घरांच्या गावामागे दहा माणसं राजधानीत सुतारकामाला पाठवायची. तेव्हाच्या राजधानीच्या, म्हणजे नाराच्या, देवळांवर-राजवाड्यांवर त्यांचे हात लागले आणि ‘हिदाचा कारागीर’ हे जपानभर नाव झालं. आमच्याकडे सुतार वर्षभर काम करायचा आणि खळ्यावर धान्य न्यायचा. तिथे सरकार धान्य सोडून सुतार न्यायचं. वडिलांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, म्हणजे तिकडेही घरी बायको-पोरंच शेत करत होती.

बाहेर पडलो तर साडेबारा वाजून गेले होते. जिन्याच्या समोर आणि मियागावा नदीच्या काठी, असे दोन सकाळचे बाजार भरतात, दोन्ही बाराला उठतात. बायकोला तिथे लाल सलगमाचं लोणचं आणि लेकीसाठी बिनचेहऱ्याची ती लाल बाहुली, सारुबोबो, घ्यायची होती. रिकामा रस्ता बघून ती काही बोलली नाही. मग जेवायला गेलो तर एकीकडे रांग, दुसरीकडे तिला चालेल असं काही नाही, तिसरीकडे पोचेपर्यंत दुपारची वेळ संपली म्हणून दारावरचा पडदा काढून आत घेत होते. शेवटी कोपऱ्यावर मिताराशी दांगो मिळाले. तांदळाच्या पिठाच्या पाच गोळ्या काडीला टोचून निखाऱ्यावर भाजतात आणि सोया सॉसमध्ये बुडवतात. जपानात इतरत्र हे गोड असतात, ताकायामात खारट. तिने चार काड्या खाल्ल्या, म्हणजे वीस गोळ्या, माझ्याकडे न बघता.

ही गोष्ट ती दिवाळीत सांगते, मग साडू म्हणतात, ‘आमच्या टूरमध्ये जेवण वेळेवर होतं.’ हेही खरंच आहे.

तिसऱ्या प्रहरी ती खोलीवर झोपली आणि मी एकटा कुसाकाबे यांच्या घरी गेलो. 1875 च्या आगीनंतर 1879 मध्ये पुन्हा बांधलेला सावकाराचा वाडा. आत शिरल्यावर मान वर करायची. छत नाहीच, सरळ आढ्यापर्यंत मोकळं, आणि हातभर जाडीच्या तुळया एकमेकींवरून आडव्या-उभ्या गेलेल्या. शोगुनच्या काळात व्यापाऱ्याने किती दिमाख दाखवायचा यावर बंधनं होती. ती उठल्यावर या लोकांनी सगळी हौस तुळयांवर भागवून घेतली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर इथेच तीन तास जातील.

सानमाची म्हणजे सगळ्यांच्या फोटोत असते ती तीन गल्ल्यांची जुनी पेठ. दहा ते चार तिथे तुळशीबागेसारखी गर्दी असते. पाचच्या सुमारास दुकानं मिटतात, टूरच्या बस निघून जातात, आणि मग कडेच्या पन्हाळीतलं वाहतं पाणी ऐकू येतं. त्या वेळी आम्ही दोघं तिथे होतो आणि तिचा राग तिथेच गेला. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्ट्यांच्या दारावर जपानी देवदाराच्या पाल्याचा मोठा गोल चेंडू टांगलेला असतो. नवी साके झाली की हिरवा टांगतात, तो जसा वाळून तपकिरी होतो तशी आतली साके मुरत जाते. एवढ्यासाठी रात्र राहा. अर्ध्या दिवसाच्या पाहुण्याला हा तास मिळतच नाही.

आणि साडूंच्या खिळ्याचं मूळही मला सापडलं. दुसऱ्या दिवशी बसने शिराकावागोला गेलो, पन्नासेक मिनिटं लागतात. तिथली ती उभ्या उतरत्या गवती छपरांची घरं, त्या छपराचा सांगाडा खरंच खिळ्याशिवाय, गवती दोर आणि झाडाच्या पिळलेल्या फांद्यांनी बांधलेला असतो. गाईड बिचारा तिथलं सांगत असणार. यांनी एका दिवसात दोन्ही ‘केली’ आणि शिराकावागोचं छप्पर ताकायामावर ठेवलं.

तर तुमचं. अर्धा दिवसच असेल तर जिन्या आणि नदीकाठ, बस्स. बाजार आधी, जिन्या नंतर, माझ्यासारखं उलटं करू नका. नदीवरच्या लाल नाकाबाशी पुलाजवळ आई-बाबांना बसवा आणि तुम्ही गल्ल्या हिंडून या. हिगाशियामाची देवळांची वाट सगळे सुचवतील, साडेतीन किलोमीटर आहे, सुंदर आहे, पण चढ-पायऱ्या आहेत आणि बरीचशी कबरींमधून जाते. गुडघे बोलत असतील तर पहिली दोन देवळं बघून परत फिरा. रात्र राहणार असाल तर मात्र शिराकावागोसुद्धा वगळा, हे माझं मत आहे आणि ते कुणालाच पटत नाही.

शाकाहारी असाल तर जवळजवळ सगळ्या रश्शांत माशाचा अर्क असतो, भाजीचं दिसलं तरी. होबा मिसो, म्हणजे वाळक्या पानावर ठेवून शेगडीवर तापवलेला मिसो (सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा), भाताबरोबर छान लागतो, पण तोही विचारून घ्या. डिसेंबर ते मार्च बर्फ असतो, घसरायला होतं, वयस्कांना नकोच. 14-15 एप्रिल आणि 9-10 ऑक्टोबरला रथांची जत्रा असते, तेव्हा राहायला जागा कित्येक महिने आधी बघावी लागते. जुनी घरं कधीकधी बंद असतात, निघण्याआधी वेळा तपासा. आणि टूरनेच जाणार असाल तर जा, अजिबात न जाण्यापेक्षा बरं, हे मी साडूंसमोर बोलणार नाही.

मोजे नवे घ्या, सगळ्यांचे. आणि जिन्यात गेलात तर सशाचा एक फोटो काढून इथे टाका, शक्य झालं तर बाजूने, झाकण खांबापासून किती वर उचललेलं आहे ते दिसेल असा. माझा फोटो हललाय, आणि साडू आता म्हणतायत की तो ससा खाचेत बसवलेला आहे.