बाळ सीपॅपवर आहे आणि सर्फॅक्टंट द्यायचं म्हणतात, म्हणजे तब्येत जास्त बिघडली आहे का?

तुमचं बाळ ३२व्या आठवड्यात जन्मलं, सीपॅपवर (नाकातून हलक्या दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) आहे, आणि आता फुप्फुसात औषध सोडणार म्हणून तुम्ही धास्तावला आहात. नुसता ऑक्सिजन वाढवून का भागत नाही, असंही विचारलंय. मी नवजात अतिदक्षता विभागात काम करतो. तुमचं बाळ मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. पण त्यामागचं कारण सांगू शकतो.

अडचण ऑक्सिजन कमी मिळण्याची नसून फुप्फुसं उघडी न राहण्याची आहे. वायुकोश, म्हणजे फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे, आतून ओले असतात. भिजलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू चिकटाव्यात तसे ते श्वास सोडताना मिटतात. ते मिटू नयेत म्हणून फुप्फुसात सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार होतो, पण तो पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. मिटलेल्या वायुकोशात कितीही ऑक्सिजन पाठवला तरी तो रक्तापर्यंत पोचणार कसा?

बाळ कण्हत होतं का? ते कण्हणं म्हणजे श्वास सोडताना घसा अर्धवट आवळून हवा आत धरून ठेवण्याची त्याची स्वतःची धडपड असते. सीपॅप हेच काम नाकातून हलका दाब देऊन करतं, म्हणजे बाळाची ताकद वाचते. १९७१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. त्याआधी, १९६३ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगाही फुप्फुसं उघडी न राहण्याच्या याच आजाराने दोन दिवसांत गेला. तेव्हा कोणाच्याच हातात फारसं काही नव्हतं. बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं सुधारल्याचं जपानमधल्या फुजिवारा यांनी १९८० मध्ये दाखवलं.

हे औषध बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या फुप्फुसातून काढतात. सीपॅप असूनही ऑक्सिजन साधारण ३० टक्क्यांच्या वर लागू लागला, की ते देण्याचा विचार होतो (साध्या हवेत २१ टक्के असतो). हल्ली पुष्कळदा बारीक नळीने, बाळ स्वतः श्वास घेत असतानाच ते सोडतात. त्यामुळे औषध द्यायचं ठरलं म्हणजे व्हेंटिलेटर लागणारच असं नाही. काही बाळांना दुसरा डोस लागतो. हा आजार पहिले दोन-तीन दिवस वाढतो आणि मग उतरतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ऑक्सिजन मुद्दामच मोजून देतात. बाळ ऑक्सिजनवर असताना मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० ते ९५ टक्के दिसलं तर 'शंभर का नाही?' म्हणून भांडू नका. जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. डोळ्यांची तपासणी कधी करणार, हे मात्र जरूर विचारा.

आणि पोट थोडं फुगलेलं दिसलं तर ते सीपॅपची हवा गिळल्यामुळेही असू शकतं. सिस्टरांना दाखवा, त्या तोंडातल्या नळीतून ती काढून टाकतात. पोट कडक वाटलं किंवा बाळाला हिरवी उलटी झाली, तर लगेच डॉक्टरांना बोलवायला सांगा.