गॅरेजमधून उत्तरं: आधी ऐका, मग पाना लावा

ह्या वेळी पावसाळ्यामुळे असेल, पण पत्रं गॅरेजवाल्यांचीच जास्त आली, काही गिऱ्हाइकांची पण आहेत. सगळी एका अंकात बसत नाहीत म्हणून जी सगळ्यांच्या कामाची वाटली ती घेतलीत, बाकीची पुढच्या वेळी नक्की.

दादा, मी यंदा बारावी झालो. मला बाईक मेकॅनिकच व्हायचंय पण पप्पा म्हणतात हात काळे करून काय मिळणार, त्यापेक्षा कुठेतरी ऑफिसात चिकट. आयटीआय करू की सरळ कोणाच्या तरी गॅरेजला बसू?
– एक वाचक, कळवा

मित्रा, दोन्ही कर. ठाण्यात सरकारी आयटीआय आहे, बेलापूरला पण आहे, मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी पास चालतं, फक्त कुठल्या आयटीआयला कुठला ट्रेड आहे ते ॲडमिशनच्या वेळी नीट बघून घे. तिथे तुला फोर स्ट्रोक इंजिन कसं चालतं, वायरिंगचा डायग्रॅम कसा वाचायचा, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर कसा धरायचा हे पद्धतशीर शिकवतात, जे गॅरेजमध्ये कोणी बसून शिकवत नाही कारण तिथे शटर उघडल्यापासून गाड्यांची लाईन असते. नंतर अप्रेंटिसशिप कर, त्यात कायद्याने स्टायपेंड मिळतो, कमी असतो पण मिळतो. आणि आयटीआय चालू असतानाच संध्याकाळी किंवा रविवारी घराजवळच्या गॅरेजला जाऊन बस.

आता गॅरेज कुठलं निवडायचं, हे जरा मनापासून सांगतो कारण इथेच बरीच पोरं फसतात. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं की गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पण पडलंय, तेव्हा उस्ताद काय करतो ते बाजूला उभं राहून बघ. जो लगेच म्हणतो "हाफ इंजिन करावं लागेल", म्हणजे इंजिन अर्धं उघडावं लागेल, त्याच्याकडे बसू नको. जो आधी गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवून बघतो त्याच्याकडे बस. कारण मागचा ब्रेक जाम असेल तर चाक अर्ध्या फेरीत थांबतं आणि मग इंजिन कितीही चांगलं असू दे गाडी ओढणार कशी? मग तो चेन किती टाईट आहे बघेल, टायरची हवा बघेल, क्लचच्या केबलला फ्री प्ले आहे का बघेल, एअर फिल्टर काढून झटकेल, आणि मग प्लग काढेल. प्लगचं टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर बरं चाललंय, कोरडं काळं काजळीसारखं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असेल तर मिक्स्चर लीन आहे म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. एवढं सगळं झाल्यावर कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, आणि त्याच्यानंतर इंजिन उघडायचं की नाही हा विचार. ह्या सगळ्याला फार वेळ पण लागत नाही, पण हे ज्याला येतं तोच मेकॅनिक, बाकीचे पार्ट बदलणारे.

आवाज ऐकायला शीक. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक हेड कव्हरला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, आतलं सगळं ऐकू येतं. वरून बारीक टकटक असेल तर बहुतेक टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, ते फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून थंड इंजिनवर सेट करायचे, गरम इंजिनवर करायचे नाहीत. खरखर टायमिंग चेनच्या बाजूने येत असेल तर ती चेन ताणून धरणारा टेन्शनर बघायचा. धुराचं पण तसंच आहे, सकाळी स्टार्ट केल्यावर निळा धूर येऊन बंद होत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील, रेस केल्यावर सारखा निळा येत असेल तर पिस्टनची रिंग. दोघांच्या खर्चात जमीन अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, म्हणून हे ओळखता येणं फार महत्त्वाचं.

सुरुवातीला तुला पार्ट धुवायलाच देतील, कंटाळू नको. धुताना प्रत्येक पार्ट हातात येतो, घासलेला कॅम आणि चांगला कॅम बोटाला वेगळा लागतो, ते पुस्तकात कळत नाही. आणि पप्पांना एकदा गॅरेजवर घेऊन जा, नुसतं घरी बोलून त्यांचं मत बदलणार नाही, काम बघितलं तर बदलेल.

मी घोडबंदर रोडला राहतो. गाडीतून पुढून टिकटिक आवाज येत होता, मेकॅनिकने राऊंड मारली, दहा मिनिटं काहीतरी बघितलं, एक बोल्ट टाईट केला आणि ३०० रुपये घेतले. एकही पार्ट बदलला नाही. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, कासारवडवली

हो साहेब, बरोबर आहे, आणि मला हे जरा जोर देऊन सांगायचंय. पार्ट बदलला तर तुम्ही ९०० रुपये हसत देता कारण हातात जुना पार्ट दिसतो. पण ज्याने काही न बदलता आवाज घालवला त्याने तुमचे ते ९०० वाचवले. पुढून टिकटिक म्हणजे कोनसेट (हँडलचं बेअरिंग) असू शकतो, फोर्क (पुढचा शॉकअप) असू शकतो, डिस्कचे पॅड असू शकतात, मडगार्डचा बोल्ट असू शकतो. त्याने राऊंड मारली ती फिरायला नाही, ब्रेक दाबल्यावर आवाज बदलतो का आणि हँडल वळवल्यावर बदलतो का हे बघायला मारली. आपल्याकडे निदानाचे पैसे द्यायची सवय नाही म्हणून मेकॅनिक लोक पण मग नको तो पार्ट टाकून आपली मजुरी त्यात वसूल करतात, आणि त्यात दोघांचं नुकसान होतं. तुम्ही ३०० दिले ते चांगल्या कामाचे दिले.

हां, तुमचा एक हक्क आहे तो सोडू नका. काम सुरू करायच्या आधी काय झालंय आणि किती होईल हे विचारायचं, आणि पार्ट बदलला तर जुना मागून घ्यायचा. चांगल्या मेकॅनिकला ह्याचा राग येत नाही. आणि घोडबंदरला तुम्ही रोज गायमुखच्या चढावर ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर उभे राहत असाल तर ते बंद करा, न्यूट्रल टाका, क्लच प्लेट त्यानेच जळतात.

माझं छोटं गॅरेज आहे. जुन्या गाड्या झोपेत पण करतो पण बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आल्यापासून गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातं. गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर घेतला तरी कोड दाखवेल तो पार्ट बदलून पण मीटरवरची चेक लाईट जात नाही. वर आता इलेक्ट्रिक. आपला धंदा संपला का?
– गॅरेजवाला, कोपरखैरणे

भाऊ, संपला नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि कार्बोरेटर जाऊन बहुतेक गाड्यांना एफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शन आलं, मग १ एप्रिल २०२३ पासून त्याचा पुढचा टप्पा आला, त्यात गाडी स्वतःच्या सेन्सरवर जास्त नजर ठेवते. म्हणजे चेक लाईट आता जास्त लागणार आणि माणसं जास्त घाबरणार. ती तुमच्याकडे आली पाहिजेत.

तुमच्या अडचणीचं उत्तर एका वाक्यात आहे, कोड सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. समजा थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कोड आला. ह्याचा अर्थ सेन्सर गेला असा नाही, ईसीयूला म्हणजे गाडीच्या कंप्युटरला त्या लाईनवरून जे व्होल्टेज यायला पाहिजे ते येत नाहीये एवढाच आहे. वायर तुटली असेल, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये) पाणी गेलं असेल, पिन हिरवी पडली असेल, अर्थिंग सैल असेल. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर वायरिंग कुरतडतात हे तर तुम्ही पण बघितलं असेल, सीटखालची एक वायर अर्धी कुरतडलेली, वरून टेप शाबूत दिसतो आणि आत तांब्याचे दोनच तार शिल्लक, गाडी उभी असताना ठीक, खड्ड्यात आदळली की लाईट पेटली. तिथे नवीन सेन्सर टाकून काय होणार? म्हणून स्कॅनरच्या आधी चांगला मल्टिमीटर घ्या आणि त्याच्यावर हात बसवा.

सुरुवात नेहमी बॅटरीपासून करा. फुल चार्ज बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, गाडी चालू करून रेस दिली की साधारण १३.५ ते १४.५ दिसायला पाहिजे, सेल्फ मारताना १० च्या खाली पडत असेल तर बॅटरीवर संशय घ्या. एफआय गाडीत पंप, इंजेक्टर, ईसीयू सगळं बॅटरीवर असतं त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली की धक्का मारून पण गाडी चालू होत नाही, कार्बोरेटरवाल्यांना हे नवीन वाटतं. आणि गिऱ्हाइकांना सांगत जा की सारखं रिझर्व्हवर चालवू नका, पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी ओढतं, पावसात अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली तर तळाला पाणी जमू शकतं. जुन्या कार्बोरेटर गाड्यांचे रबरी पाईप, ओरिंग पण जास्त वेळा बघायला लागतात, ते काम तुमचंच आहे.

ऑइलचं तर सगळ्यांसाठी लिहितो. बाईकमध्ये क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (असा क्लच असलेल्या बाईकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघूनच घ्यायचं. स्वस्त मिळालं म्हणून कारचं ऑइल टाकलं की क्लच स्लिप व्हायला लागतो आणि मग गिऱ्हाईक तुमच्याच नावाने ओरडतं.

इलेक्ट्रिकला घाबरू नका. ब्रेक, टायर, बेअरिंग, शॉकअप, कोनसेट, लाईट, कपलर हे सगळं तिच्यात पण आहे. फक्त बॅटरी पॅक उघडायचा नाही, कितीही सोपा वाटला तरी, त्यासाठी ट्रेनिंग आणि वेगळं साहित्य लागतं, लिथियम पॅकमध्ये शॉर्ट झालं तर आग विझवणं अवघड असतं.

एक विनंती, जुनं ऑइल बाहेरच्या गटारात ओतू नका. तुमच्या भागातलं पावसाचं पाणी खाडीलाच जातं, आणि ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा पण मिळाला. वापरलेलं ऑइल सरकारी नियमात घातक कचरा आहे. ड्रममध्ये साठवा आणि प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्या. तो पैसे पण देतो. जो कोणी "गाळून परत वापरतो" म्हणतो त्याला देऊ नका, तेच उद्या नवीन डब्यात भरून कोणाच्या तरी इंजिनात जाईल.

माझे मिस्टर मेकॅनिक आहेत. रोज घरी येताना पेट्रोलने हात धुतात, आता बोटांना भेगा पडल्यात, खाज येते. सांगितलं तर म्हणतात ह्या धंद्यात असंच असतं. काय करू?
– एक वाचक, वर्तकनगर

ताई, असंच असतं असं अजिबात नाही, त्यांना माझं नाव सांगून हे वाचून दाखवा. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, ते वासातून जातं आणि थोडं कातडीतून पण जातं, आणि रोज रोज वर्षानुवर्षं अंगात जाणं रक्तासाठी वाईट आहे. वर पेट्रोल कातडीचं तेल काढून टाकतं म्हणून भेगा पडतात आणि त्या भेगांतून काळं ऑइल आत जातं, वापरलेलं इंजिन ऑइल पण कातडीला चांगलं नाही. हँड क्लीनरची पेस्ट मिळते, नाहीतर आधी थोडं खोबरेल चोळून ग्रीस सोडवायचं आणि मग साबण लावायचा. नायट्रिलचे पातळ हातमोजे बॉक्समध्ये मिळतात, ऑइल बदलताना आणि पार्ट धुताना तेवढे घालायचे. आता भेगा आहेत तर आधी कातडीच्या डॉक्टरला दाखवा, खाज म्हणजे ॲलर्जी पण असू शकते.

आणखी दोन गोष्टी. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची नाही, काही ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. आणि पावसात शटर खाली ओढून आत गाडी चालू ठेवून ट्यूनिंग करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आधी डोकं दुखतं, मग माणूस बसल्या जागी पडतो. शटर अर्धं तरी वर आणि पंखा बाहेरच्या दिशेने, ह्यात तडजोड नाही.

दादा मी हेल्पर आहे. पाऊस पडला की वंदना टॉकीजकडे पाणी भरतं आणि बुडालेल्या गाड्या येतात. उस्ताद नसताना आली तर मी काय करू?
– हेल्पर, नौपाडा

शाब्बास, विचारलंस ते बरं केलंस. सगळ्यात आधी, सेल्फ मारायचा नाही, किक पण नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणालं की एकदा मारून बघ तरी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि शंभर दोनशेचं काम काही हजारांवर जातं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. मग ऑइलचा डिपस्टिक बघ, ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. प्लग काढ, प्लगच्या भोकावर फडकं धर आणि किक हळूहळू हाताने दाब, पाणी बाहेर येईल. एअर फिल्टरचा डबा उघड, बहुतेक तिथे पाणी भरलेलं असतं, पेपर फिल्टर असेल तर सुकवू नको, नवीनच टाकायला सांग. ऑइल काढ, स्वस्तातलं पण बाईकचंच ऑइल टाकून थोडा वेळ चालव, परत काढ, आणि अजून दुधाळ असेल तर पुन्हा एकदा तेच कर, मगच चांगलं ऑइल भर. ड्रेन बोल्ट लावताना जोर लावू नको, ॲल्युमिनियममधले आटे लगेच जातात, वॉशर नवीन टाक. मागचा ब्रेक ड्रम उघडून ब्रेक शू सुकव. एफआय गाडी असेल तर कपलर उघडून हवा मार, पण ईसीयूला हात लावू नको, उस्ताद येईपर्यंत तशीच राहू दे. आणि गाडी आली तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं हे गिऱ्हाइकाला विचारून कागदावर लिहून ठेव, सीटपर्यंत होतं की सायलेन्सरपर्यंत, उस्तादला पहिला प्रश्न तोच पडणार.