मी रचलेली काल्पनिक भाषा खोटी का वाटते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कादंबरीतल्या डोंगरी लोकांसाठी भाषा रचली, बाराशे शब्द झाले, लिपीही काढली, तरी वाचणाऱ्यांना ती बनावट वाटते. आता तिला बहिणी, आई, इतिहास असं सगळं द्यायचं आहे, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही दिलेली नमुन्याची वाक्यं वाचली. लहानपणी आम्ही वाड्यात 'च'च्या भाषेत बोलायचो, तिची आठवण झाली. 'मला भूक लागली'चं 'चलाम चूकभ चागलील'. ऐकणाऱ्या मोठ्यांना काही कळायचं नाही, पण आत मराठीच असायची. तुमचंही तेच झालंय. यादीत 'लागणे'साठी 'तोरे' हा एकच शब्द आहे, आणि भूक, आग, ठेच, नोकरी, उशीर या सगळ्यांना तुम्ही तोच जोडलाय. आपल्याकडे भूकही लागते आणि नोकरीही लागते, हा मराठीचा स्वतःचा पसारा आहे. तुमच्या डोंगरातल्या माणसांनी तो जसाच्या तसा का उचलावा? त्यांच्याकडे कदाचित भूक 'चढत' असेल आणि नोकरी 'सापडत' असेल. बाराशे शब्दांपेक्षा असे वीस शब्द नीट बसवा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही एक दोनशेपानी वही भरली होती. एकही अपवाद नसलेलं व्याकरण, याचा मला भयंकर अभिमान. आईला दाखवली. ती मेथी निवडत होती. तिने विचारलं, "यात 'अगं'ला काय म्हणतात?" काहीच म्हणत नव्हते. "बरं, 'बरं का'ला?" मी वही मिटली.

अपवाद नसणं हा दरवेळी दोष नसतो, भाषा कशासाठी रचलीय त्यावर आहे. झामेनहोफ नावाच्या डॉक्टरने १८८७ साली वॉर्सात एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली, तिचे मूळ नियम सोळा. ती परक्या माणसाला पटकन शिकता यावी म्हणून मुद्दाम गुळगुळीत ठेवलेली आहे. तुमची भाषा कुणी शिकणार नाही. ती हजार वर्षं लोकांच्या तोंडात फिरलीय, एवढं वाचकाला पटायला हवं. आणि तोंडात फिरलेली भाषा वाकडीतिकडी होतेच.

ते वाकडेपण हाताने घालू नका, लगेच कळतं. आधी आईभाषा करा, म्हणजे जिच्यातून बाकीच्या निघाल्या ती जुनी भाषा, तिचे दोनतीनशे शब्द पुरेत, आणि मग उच्चार बदलण्याचे नियम लावून तिच्यातून मुली काढा. समजा, आईभाषेत 'कसति' म्हणजे दगड आणि 'सिकुपा' म्हणजे नदी. अनेकवचनाला 'ना' लावायचा: कसतिना, सिकुपाना. आता काही लोक घाट चढून वर गेले. त्यांच्याकडे आधी शब्दाच्या शेवटचा स्वर गळला, आणि नंतर दोन स्वरांमधले क, त, प मऊ होऊन ग, द, ब झाले. दगड झाला 'कसत्', अनेक दगड 'कसदिन'. नदी 'सिगुप्', नद्या 'सिगुबान'. बघा, एका ठिकाणी 'इन' लागतोय, दुसऱ्या ठिकाणी 'आन', शिवाय त चा द आणि प चा ब होतोय. वरच्या लोकांच्या शाळेत पोरांना हे पाठ करावं लागेल आणि मास्तर म्हणतील, 'असंच असतं'. आपण मात्र एकही अपवाद घातलेला नाही. खाली खाडीकाठी राहिलेल्यांनी फक्त स चा ह केला: कहति, कहतिना, हिकुपा, हिकुपाना. दोन बहिणी तयार झाल्या, आणि एकीचं बोलणं दुसरीला अर्धवट कळेल.

नियमांचा क्रम मात्र लिहून ठेवा. वरचे दोन नियम उलट क्रमाने लावून पाहा, दगड एकदम 'कसद्' होतो आणि एकवचन-अनेकवचनातला त-द चा खेळच संपतो.

याचा खरा नमुना घरातच आहे. संस्कृत 'हस्त', प्राकृतात 'हत्थ'. पंजाबीने 'हत्थ' तसाच ठेवला, हिंदीने जोडाक्षर सोडून स्वर लांबवला, 'हाथ'. मराठीने वर थ मधला ह-कारही सोडला, 'हात'. किंवा छ घ्या. हिंदीत पूछना, मछली, छुरी. मराठीत पुसणे, मासा, सुरी. मराठीने जुन्या छ चा स करून टाकला, आणि पुढे इ, ए, य चा शेजार असला की श: म्हणून माशी, म्हणून 'माशाला'. 'मासा'चा 'माशाला' का होतो हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, सामान्यरूप म्हणून घोकून घेतलं. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या घडणीवरचा १९२० चा ग्रंथ वा. गो. परांजप्यांनी मराठीत आणलाय. जड आहे, पण भाषाकुल रचणाऱ्याने परदेशी मार्गदर्शिका वाचण्याआधी तो चाळावा, असं माझं मत.

आणखी एक गोष्ट, जी नवखे हमखास विसरतात. 'क्षेत्र'चं झिजून 'शेत' झालं, पण पुढे आपण 'क्षेत्र' पुन्हा संस्कृतातून उचलला. आज दोन्ही सुखाने नांदतात, एकात ज्वारी येते आणि दुसऱ्यात तज्ज्ञ. तुमच्या डोंगरी पुजाऱ्यांनाही आईभाषेतले शब्द असे परत उचलू द्या. 'कसत्' रस्त्यातला दगड, 'कसति' देवळातला.

बाजाराचीही वेगळी बोली ठेवा. आपल्याकडे व्यापाऱ्यांची नंदभाषा होती, गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला: एक म्हणजे केवली, दोन आवारू, तीन उधानू, चार पोकू. व्याकरण सगळं मराठीच, म्हणजे 'च'ची भाषाच, पण इथे ती शोभते.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा जो कोश चाललाय, त्यात एकेका शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमाने लावतात. तुमच्या एक्सेलमध्येही शब्दासमोर 'कधीपासून' असा रकाना घाला. स चा ह झाल्यानंतर खाडीवाल्यांकडे परका शब्द आला, तर त्याचा स शाबूत राहील, आणि तो परका आहे हे न सांगता कळेल. आईभाषेतून मुली काढण्याचं हे काम 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टोल्कीनने केलं होतं. क्वेन्या आणि सिंदारिन या त्याने रचलेल्या दोन बहिणी. झाडासाठी मूळ शब्द 'गलदा', त्याचा क्वेन्यात 'अल्दा' आणि सिंदारिनमध्ये 'गलध'. तो पेशाने भाषांच्या इतिहासाचाच प्राध्यापक, त्यामुळे त्याच्या भाषांना पणज्या-खापरपणज्या आपसूक आल्या.

लिपी तूर्त बाजूला ठेवा. सगळ्यांना तिचीच घाई असते, मलाही होती.

आज रात्री बसणार असाल तर बाराशेतले शंभर शब्द निवडा, त्यांना आईभाषा समजा, आणि वरचे दोन नियम लावा. 'तोरे' खोडा. आणि 'अगं'ला काय म्हणतात, ते ठरवून खाली कमेंटमध्ये टाका.