अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकननी सेनापतींच्या कामात ढवळाढवळ केली म्हणून युद्ध लांबलं का?

ढवळाढवळ केली, पण तुम्ही ज्या ढवळाढवळीला दोष देताय तिनं युद्ध लांबलं असं मला वाटत नाही.

लिंकननी जानेवारी १८६२ मध्ये फर्मान काढलं की २२ फेब्रुवारीला सगळ्या फौजांनी आगेकूच करावी. मुहूर्त का, तर वॉशिंग्टनची जयंती! ते अर्थातच कागदावर राहिलं. पण उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याचं काय? सप्टेंबरात अँटिटमची लढाई झाली, दक्षिणेचा सेनापती ली मागे हटला, आणि हे मॅक्लेलन महाशय सव्वा महिना पोटोमॅक नदीच्या अलीकडेच. घोडे थकलेत म्हणे. लिंकननी तारेनं विचारलं, लढाईनंतर तुमच्या घोड्यांनी असं केलंय तरी काय, की ते थकावेत? अशा माणसाला नोव्हेंबरात घरी पाठवलं, यात माझ्या मते उशीरच झाला.

खरं नुकसान केलं ते काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, युद्ध समितीनं. ऑक्टोबर १८६१ मध्ये बॉल्स ब्लफला उत्तरेचा पराभव झाला, त्यात लिंकनचा मित्र, विद्यमान सिनेटर एडवर्ड बेकर मारला गेला. कर्नल म्हणून नदीपलीकडे तुकड्या नेण्याचा निर्णय त्याचाच होता. पण मेलेल्या सिनेटरला कोण बोल लावणार? खापर फुटलं जनरल चार्ल्स स्टोनवर. पळून आलेले गुलाम तो नियमाप्रमाणे मालकांना परत करायचा, त्यामुळे मॅसॅच्युसेट्सचे गुलामगिरीविरोधी पुढारी त्याच्यावर आधीच खार खाऊन होते. समितीनं बंद दाराआड साक्षी घेतल्या. कोण काय बोललं हे स्टोनला कळू दिलं नाही. फेब्रुवारीत त्याला उचलला आणि १८९ दिवस किल्ल्यात डांबला. आरोपपत्र नाही, खटला नाही. हे पाहिलेला कुठला अधिकारी पुढे होऊन जोखीम घेईल? (पुढे स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचा पाया बांधायचं काम याच स्टोनकडे आलं.)

दक्षिणेतही राजकारण्यांची ढवळाढवळ होतीच. जुलै १८६४ मध्ये दक्षिणेचे अध्यक्ष डेव्हिस यांनी अटलांटा शहरासमोर जनरल जॉन्स्टनला काढून जनरल हूडला आणलं. हूडनं हल्ल्यांवर हल्ले करून फौज झिजवली, सप्टेंबरात शहर उत्तरेच्या हाती गेलं.

लिंकनना धरायचंच असेल तर बेंजामिन बटलरवरून धरा. मतांसाठी सांभाळलेला राजकारणी जनरल. मे १८६४ मध्ये शत्रूची राजधानी रिचमंड, तिच्या दक्षिणेला तो स्वतःची अख्खी फौज कोंडून बसला, तरी उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याला त्याला हलवता येईना. नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक पार पडली, आणि जानेवारी १८६५ मध्ये बटलरला घरी पाठवलं.